सरड्याला मलेरिया होतो म्हणजे नक्की काय होतं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. सरड्यांच्या आणि पालींच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडलेत, घरातल्या पाली ताबडतोब मारा, सगळ्यांना फॉरवर्ड करा. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघाले तर तळमजल्यावरच्या काकू झाडू घेऊन मीटरच्या पेटीमागच्या पालीच्या मागे लागलेल्या. मला बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं तू लॅबमध्ये असतेस ना, तूच सांग, खरंय का गं हे?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, पावसाळाभर तापाच्या पेशंटच्या रक्ताच्या स्लाइड बघते, म्हणजे प्रश्न अगदी माझ्या रोजच्या कामातला होता. पण उत्तर जिन्यात उभं राहून देण्यासारखं नव्हतं, कारण त्या मेसेजमधला पहिला भाग खरा आहे आणि दुसरा साफ चूक आहे. सरड्यांना मलेरिया होतो, तो कधीपासून माहीत आहे, त्यावर काही लोकांनी अख्खं आयुष्य घालवलंय. आणि त्यातून जे कळलं ते मला इतकं महत्त्वाचं वाटतं की म्हटलं एकदा नीट बसून लिहावं.

आधी मलेरिया म्हणजे काय ते बघू

मलेरिया म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पहिला डास येतो. पण डास हे नुसतं वाहन आहे. आजार करतो तो एक परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या अंगात राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव. हा एका पेशीचा असतो, बॅक्टेरिया नाही आणि व्हायरसही नाही, आणि त्याचं नाव प्लाझमोडियम.

या प्लाझमोडियमला जगायला दोन घरं लागतात, एक हाडं असलेला प्राणी आणि एक रक्त पिणारा किडा. प्राण्याच्या रक्तात तो लाल पेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन खातो, स्वतःचे तुकडे करून वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि पुढच्या पेशीत शिरतो. हे चालू असताना त्यातले काही वाढायचं थांबवतात आणि नर किंवा मादी बनून नुसते वाट बघत बसतात. कोणाची, तर किड्याची. किडा चावला आणि रक्ताबरोबर हे त्याच्या पोटात गेले की तिथे त्यांचं मीलन होतं, मग पिल्लावळ किड्याच्या लाळेत येऊन बसते आणि पुढच्या चाव्यात नव्या प्राण्याच्या अंगात उतरते. लग्न किड्याच्या पोटात लागतं आणि संसार आपल्या रक्तात थाटला जातो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजेल.

हा परजीवी पहिल्यांदा बघितला फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेरान यांनी, १८८० साली अल्जीरियात, एका सैनिकाच्या रक्तात. डासाच्या पोटात तो सापडला आपल्याकडे, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ ला, आणि शोधणारे रोनाल्ड रॉस. शाळेत आपण इथपर्यंतच शिकतो. पण पुढची गंमत अशी की डास चावल्यानेच मलेरिया पसरतो याचा पूर्ण पुरावा रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यात मिळवला तो माणसांवर काम करून नाही, पक्ष्यांवर. पक्ष्यांच्या मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटातून लाळेपर्यंत आणि तिथून दुसऱ्या पक्ष्यापर्यंत कसा जातो हे त्यांनी दाखवलं, आणि १९०२ चं नोबेल मिळालं. म्हणजे मलेरिया हा एकट्या माणसाचा आजार नाही हे तेव्हापासूनच समोर होतं, आपल्यापर्यंत पोचलं नाही एवढंच.

आज प्लाझमोडियमच्या २०० हून जास्त जाती माहीत आहेत. त्यातल्या माणसाला त्रास देणाऱ्या म्हणून आपण मोजतो त्या जेमतेम पाच. बाकीच्या माकडांत, उंदरांत, वटवाघळांत, पक्ष्यांत, आणि एक फार मोठा वाटा सरडे-पालींमध्ये. सापांतही आहेत पण कमी.

सरड्याच्या स्लाइडमध्ये काय दिसतं

माणसाच्या रक्ताची स्लाइड तुम्ही मायक्रोस्कोपखाली कधी बघितली नसेल तर सांगते. थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, जिम्सा नावाचा रंग द्यायचा, आणि तेलाचा थेंब टाकून मोठ्या लेन्सखाली एकेक फील्ड सरकवत जायचं. आपल्या लाल पेशी गोल, मधे फिकट, वाटीत चेपल्यासारख्या, आणि आत केंद्रक नसतं, म्हणजे पेशीचा सगळा कारभार बघणारा जो गडद ठिपका असतो तो नसतो. त्यामुळे मलेरियाची निळसर अंगठी आणि तिच्यावरचा लाल खडा एकदम उठून दिसतो. पहिल्यांदा पॉझिटिव्ह स्लाइड बघितलेला दिवस मला अजून आठवतो, वाटलं कुणी इतकं सुबक काहीतरी कोरून ठेवलंय.

सरड्याची लाल पेशी वेगळी असते. ती लांबट, भोपळ्याच्या बीसारखी, आणि तिच्या मधोमध जांभळं केंद्रक असतंच. पक्ष्यांचंही तसंच, कॉलेजला आम्हाला कोंबडीच्या रक्ताची स्लाइड दिली होती तेव्हा अख्खा वर्ग गोंधळला होता की हे काय भलतंच. आता अशा पेशीत परजीवी शिरला की जागा आधीच अडलेली, मग तो वाढता वाढता त्या केंद्रकाला एका बाजूला ढकलतो, पेशी वाकडी होते, आणि परजीवीच्या अंगात सोनेरी-तपकिरी कण जमतात. हे कण म्हणजे हिमोग्लोबिन खाऊन उरलेला चोथा. माणसाच्या मलेरियातही अगदी हेच कण दिसतात. सरड्याच्या रक्तात दुसरेही बरेच परजीवी असतात, पण हा चोथा आणि पेशीतलं हे तुकडे होऊन वाढणं दिसलं की ओळख पटते की हा त्याच खानदानातला आहे.

एक फरक मात्र आहे. माणसात मलेरियाचा परजीवी डास चावल्यावर आधी लिव्हरमध्ये जाऊन वाढतो आणि मग रक्तात येतो. सरडे आणि पक्ष्यांत ही पहिली वाढ लिव्हरच्या पेशींत होत नाही, रक्तवाहिन्यांचं अस्तर वगैरे वेगळ्याच पेशींत होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅलिफोर्नियातला निळ्या पोटाचा सरडा

आता ज्याच्यामुळे हे सगळं कळलं तो सरडा. नाव वेस्टर्न फेन्स लिझर्ड. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, वरून मातकट राखाडी, कुंपणाच्या खांबावर नाहीतर दगडावर ऊन खात बसलेला, आणि नराच्या पोटाला दोन्ही बाजूंनी निळे पट्टे. तो पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो, आपला बागेतला सरडा करतो ना तसंच, जोर काढल्यासारखं, आणि ते निळं पोट दुसऱ्या नराला दाखवतो की ही जागा माझी आहे.

याच्या अंगात जो मलेरिया होतो त्याचं नाव प्लाझमोडियम मेक्सिकॅनम. मेक्सिकोतल्या सरड्यांवरून १९४४ साली त्याची नोंद झाली म्हणून हे नाव. पण त्याच्यावर खरा खोल अभ्यास झाला उत्तर कॅलिफोर्नियात हॉपलंड नावाच्या ठिकाणी, सॅन फ्रान्सिस्कोच्या वरती साधारण दीडशे किलोमीटर, ओकची झाडं, वाळलेलं गवत आणि दगडांच्या टेकड्या. व्हरमाँट विद्यापीठाचे जोसेफ शॉल यांनी तिथे १९७८ मध्ये काम सुरू केलं आणि ते पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं. पद्धत ऐकायला साधी आहे. गळाच्या काठीला दोऱ्याचा फास बांधायचा, उन्हात बसलेल्या सरड्याच्या डोक्यावरून हळूच सरकवायचा आणि उचलायचा. बोटाच्या टोकाचा अगदी जरासा भाग कापून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, स्लाइड करायची, बस. आपल्याकडे पूर्वी घरी येऊन मलेरियावाले बोट टोचून स्लाइड घेऊन जायचे, आमच्या गावी मी लहानपणी ते बघितलंय, तसंच हे. अशा हजारो स्लाइड.

काय सापडलं, तर पकडलेल्या सरड्यांपैकी बऱ्याच जणांना मलेरिया, काही ठिकाणी चारात एक, काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त, आणि जवळजवळच्या दोन जागांमध्येही फरक. एकदा लागला की तो जात नाही, जन्मभर राहतो. हिवाळ्यात सरडा बिळात निपचित पडून असतो तेव्हा परजीवीही रक्तात गप्प बसतो, वसंतात सरडा ऊन खायला बाहेर आला की हाही वाढायला लागतो.

आणि सरडा मरतो का? बहुतेक वेळा लगेच मरत नाही. म्हणूनच खूप दिवस असं समजलं जायचं की सरड्याला याने काही होत नसणार, दिसायला तर ठणठणीत, उन्हात बसलाय, मुंग्या खातोय. शॉल आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी मोजायला घेतलं तेव्हा चित्र बदललं.

निरोगी सरड्याच्या रक्तात कच्च्या, अजून तयार न झालेल्या लाल पेशी शंभरात एखादी असते. मलेरिया झालेल्यात हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे तयार कामगार संपत चालले म्हणून शिकाऊ पोरांना कामावर उभं केल्यासारखं. हिमोग्लोबिन साधारण पाव हिस्सा कमी होतं. आता हा आकडा आपल्यावर घेऊन बघा, तुमचं हिमोग्लोबिन १२ आहे आणि ते ९ वर आलं. माझ्याकडे असे रिपोर्ट रोज येतात, त्या बायका चालत येतात, घरचं सगळं करतात, कुणाला वाटत नाही आजारी आहेत, पण दोन जिने चढल्या की कठडा धरून उभ्या राहतात.

सरड्याचं अगदी तसंच निघालं, आणि मला हे सगळ्यात जास्त भिडलं. मलेरिया झालेल्या सरड्याला एकदम झेप मारून पळायला लावलं तर तो निरोगी सरड्याइतकाच वेगाने पळाला. पण पळत राहायला लावलं तर लवकर दमला. का ते सोपं आहे, सुटलेली एसटी पकडायला दहा पावलं धावणं वेगळं आणि सिंहगड चढणं वेगळं. दहा पावलं धावायला आत्ता रक्तातून ऑक्सिजन यावाच लागतो असं नाही, स्नायू तेवढं स्वतःच्या साठ्यावर भागवतात, गड चढायचा तर रक्तच लागतं.

मादीचं नुकसान अजून वेगळ्या जागी दिसतं. उन्हाळ्यात तिने अंगात चरबी साठवायची असते आणि पुढच्या वसंतात त्या चरबीवर अंडी तयार होतात. आजारी मादीच्या अंगात साठा कमी जमतो आणि पुढच्या वेळी ती एक-दोन अंडी कमी घालते. एका वेळी घालते तीच दहाच्या आसपास, त्यात एक-दोन म्हणजे थोडं नाही. आजारी नरांचे अंडकोष लहान राहतात, ते दुसऱ्या नरांसमोर जोर काढून दाखवणं कमी करतात, आणि पोटावरच्या निळ्या रंगातही फरक पडतो.

मला हे सगळं वाचताना सारखा सावकार आठवत होता. सावकार कर्जदाराला मारत नाही, मारला तर व्याज कोण देणार. तो मुद्दल तसंच ठेवतो आणि दर हंगामाला येऊन पोत्यातलं थोडं उचलून नेतो, घर चालू राहतं, चूल पेटते, लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही, पण त्या घरातलं एक पोर शाळेतून कमी होतं. सरड्याच्या बाबतीत ते पोर म्हणजे ती न घातलेली अंडी.

पण डास तर नाही, मग पसरतो कसा?

हा प्रश्न मलाही पडला होता, कारण कॅलिफोर्नियाचा तो भाग उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, गवत पिवळं पडलेलं. उत्तर असं की हा मलेरिया डास पसरवतच नाही. १९७० च्या सुमारास स्टीफन अयाला आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की हे काम सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी करते. ही माशी डासाहून लहान, केसाळ, फिकट, बसली की पंख इंग्रजी व्ही सारखे उभे धरणारी. तिला अंडी घालायला साचलेलं पाणी लागत नाही, ओलसर माती, भेगा आणि बिळं चालतात. हॉपलंडला जमिनीत बिळं करणाऱ्या खारी भरपूर आहेत आणि त्यांच्या बिळांत या माश्या दिवसभर दडतात, संध्याकाळी बाहेर येतात. म्हणजे खारीने खणलेल्या बिळात माशी वाढते आणि ती माशी सरड्याला आजार देते, खारीला यातलं काही माहीतसुद्धा नाही.

वाळूमाशी आपल्यालाही परकी नाही. काळा आजार तीच पसरवते. चांदीपुरा व्हायरसचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २०२४ मध्ये गुजरातमध्ये लहान मुलं त्याने गेली तेव्हा टीव्हीवर सारखं होतं. ते नाव नागपूरकडच्या चांदीपुरा गावावरून आलंय, १९६५ साली तो व्हायरस तिथे सापडला, आणि तो पसरवणारीही वाळूमाशीच. आजार पूर्ण वेगळा आहे, सरड्याच्या मलेरियाशी त्याचा काही संबंध नाही, फक्त वाहन त्याच कंपनीचं.

सगळे सरड्यांचे मलेरिया माशीचेच असंही नाही. फ्लोरिडा आणि कॅरिबियन भागातल्या एका जातीचा मलेरिया क्युलेक गटातला डास पसरवतो. म्हणजे एकाच खानदानातल्या परजीवींनी जिथे जे वाहन मिळालं ते धरलंय.

सरड्याला थंडी वाजून ताप येतो का?

नाही, आपल्यासारखा नाही. सरडा स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही, तो उन्हावर चालतो, त्यामुळे आतून ताप चढवायची सोयच त्याच्याकडे नाही. ताप हवा असेल तर त्याला उठून गरम दगडावर जाऊन बसावं लागतं, आणि १९७० च्या दशकात वाळवंटी इग्वानाला बॅक्टेरिया टोचून बघितले तेव्हा तो खरंच जास्त गरम जागी जाऊन बसला होता. पण हुडहुडी भरून, गोधडीत गुंडाळून घेऊन दर दोन दिवसांनी येणारा जो हिवताप आपण ओळखतो, तो सरड्यात शोधायला जाऊ नका. तिथे आजार दिसतो तो रक्तात, दमात आणि अंड्यांत.

"जुना आजार हळूहळू मवाळ होतोच की"

हे वाक्य कोविडच्या काळात तर किती वेळा ऐकलं असेल आपण. कल्पना अशी की परजीवी आणि प्राणी जितके जास्त काळ एकत्र, तितकी त्यांच्यात समजूत होते, शेवटी दोघं शेजाऱ्यांसारखे राहतात. ऐकायला बरं वाटतं, आणि सरडा हे त्याचं छान उदाहरण म्हणून दिलं जायचं, जुनं नातं, मरत नाही, झालं.

पण वरचे आकडे बघा. नातं जुनं आहे, आणि तरीही पाव हिस्सा हिमोग्लोबिन जातंय, अंडी जातायत. समजूत वगैरे काही झालेली नाही. परजीवी किती घेणार हे ठरतं त्याला पुढे कसं जायचंय त्यावरून. कमी घेतलं, म्हणजे रक्तात कमी वाढला, तर माशी चावली तेव्हा तिच्या पोटात त्याचे नर-मादी जाणारच नाहीत, वंश तिथेच संपला. जास्त घेतलं आणि सरडा हिवाळ्यात मेला, तर पुढच्या उन्हाळ्यात माश्या येतील तेव्हा हा मातीत गेलेला. हॉपलंडला माश्यांचा हंगाम उन्हाळ्यापुरता, मग मधले थंडीचे महिने काढायला सरडा जिवंत हवाच. म्हणून सरडा जिवंत ठेवायचा पण वसुली सोडायची नाही, असा तो हिशोब बसलेला आहे. जिथे वर्षभर किडे चावतायत तिथे हा हिशोब वेगळा बसू शकतो. आणि म्हणूनच कुठलाही नवा आजार आला की "होईल आपोआप मवाळ" म्हणून हातावर हात ठेवून बसणं मला धोक्याचं वाटतं, कारण तो मवाळ व्हायला बांधील नाहीये.

एका बेटावर मलेरियाने कमकुवताला जागा दिली

कॅरिबियन समुद्रात सेंट मार्टिन नावाचं छोटं बेट आहे, अर्धं फ्रेंच, अर्धं डच. तिथे अॅनोलिस गटातल्या सरड्यांच्या दोन जाती. एक दांडगी, सगळ्या बेटावर पसरलेली. दुसरी लहान, बिचारी मधल्या टेकड्यांत काही ठिकाणीच. शेजारी शेजारी राहिल्या तर दांडगी जात लहान जातीला खाणं-जागा काही मिळू देत नाही, असं त्यांचं नातं. मग लहान जात त्या टेकड्यांत टिकली कशी?

शॉल यांनी तिथे जाऊन रक्त तपासलं आणि १९९२ मध्ये मांडलं की प्लाझमोडियम अझुरोफिलम नावाचा मलेरिया दांडग्या जातीत भरपूर आहे आणि लहान जातीत क्वचित. आणि जिथे जिथे दांडग्या जातीला मलेरिया, तिथे तिथे लहान जात आहे. जिथे मलेरिया नाही तिथे एकटी दांडगी. म्हणजे मलेरिया बलवान जातीचे पाय ओढतो आणि त्यामुळे दुबळीला उभं राहायला जागा मिळते, असं दिसतं. आता कुणी म्हणेल की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकामुळेच दुसरी असं कशावरून, टेकड्यांवर ओलावा जास्त असतो, तो ओलावा किड्यांनाही आवडत असेल आणि लहान सरड्यालाही. शंका रास्त आहे, नकाशे जुळले म्हणजे सिद्ध झालं असं नसतं. पण दुखण्याचा विचार करताना आपण फक्त पेशंट बघतो, तो पेशंट दमल्यामुळे शेजाऱ्याचं काय होतं हे बघत नाही, आणि जंगलात ते बघावंच लागतं.

सरड्यांवर एवढा पैसा आणि वेळ कशाला?

२०२३ या एका वर्षात जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी रुग्ण झाले आणि जवळपास ६ लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली आणि त्यातही पाच वर्षांखालची मुलं. एवढं असताना सरडे कशाला मोजायचे, हा प्रश्न रागाने विचारला तरी मला तो समजतो.

पण विचार करा, परजीवी अंगात असताना नेमकं काय काय हिरावून घेतो हे माणसात मोजायचं कसं? पॉझिटिव्ह स्लाइड आली की औषध द्यायचंच, दिलंच पाहिजे, औषध न देता बघत बसणं हा गुन्हा आहे. मग लॅबमध्ये उंदरांवर काम होतं, पण त्यात सगळ्यात जास्त वापरला जातो तो प्लाझमोडियम बर्घाई, जो १९४८ मध्ये काँगोत सापडला आणि मूळचा तिथल्या झुडपी उंदरांचा, लॅबमधल्या पांढऱ्या उंदराचा नाहीच. म्हणजे पाहुण्या घरात तो कसा वागतो ते आपण बघतो. सरडा मात्र त्याच्या स्वतःच्या जागी, त्याच्या स्वतःच्या परजीवीसोबत, त्याच्या स्वतःच्या माशीसोबत मिळतो. पकडता येतो, खूण करून सोडता येतो, पुढच्या वर्षी परत तोच पकडता येतो. एका सरड्यात परजीवीची एकाहून जास्त घराणी असली तर नर-मादीचं प्रमाण बदलतं का, अशा बारीक प्रश्नांचीही उत्तरं इथे मिळाली, घराणी जास्त तसे नर जास्त, जसं गणिताने आधी सांगितलं होतं.

आणि जाता जाता, याच निळ्या पोटाच्या सरड्याच्या रक्तात असं काहीतरी आहे की त्याला चावलेल्या गोचिडीच्या अंगातले लाइम आजाराचे बॅक्टेरिया मरतात, हे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातच दाखवलं गेलं. सरड्याचं रक्त तपासत बसणाऱ्या लोकांमुळेच ते कळलं.

शेवटी काकूंचा प्रश्न, पालीचा मलेरिया आपल्याला होईल का?

नाही. सरड्याचा किंवा पालीचा मलेरिया माणसाला होत नाही, आणि तो का होत नाही हे सांगते म्हणजे नुसतं माझ्या शब्दावर राहू नका.

आपल्याकडे माणसाचा मलेरिया पसरवते ती अॅनोफिलिस डासाची मादी. सरड्याचा पसरवणारे किडे बहुतेक वेगळे. समजा एखादा किडा दोघांनाही चावला, तरी त्या परजीवीला आपल्या अंगात पहिला मुक्काम कुठे करायचा तेच माहीत नाही, कारण त्याला लिव्हरची सवय नाही, ते मघाशी सांगितलं. आपलं अंग रात्रंदिवस ३७ डिग्री, त्याला सवय उन्हात तापणाऱ्या आणि रात्री गार पडणाऱ्या अंगाची. लाल पेशीही वेगळी, तिच्यात शिरायची जी पद्धत तो लाखो वर्षं शिकला ती इथे लागू पडत नाही. कोकणातलं भाताचं रोप उपटून जतच्या कोरड्या माळावर लावल्यासारखं आहे हे, रोपाचा दोष नाही, पण ते रुजणार नाही.

यावर माझ्या भाच्याने चांगला प्रश्न विचारला, तो बारावीला आहे. म्हणाला, मावशी, पण कोविड तर प्राण्यातून आला म्हणतात, मग मलेरिया का नाही येणार? तर येतो, मलेरियाही प्राण्यांतून माणसात येतो, पण जवळच्या नात्यातून. माणसाचा सगळ्यात जीवघेणा मलेरिया, फाल्सिपेरम, हा मुळात गोरिलांकडून आलाय हे २०१० मध्ये गोरिलांच्या विष्ठेतला डीएनए तपासून कळलं. मलेशियात नोलेसाय नावाचा मलेरिया आजही माकडांकडून माणसांना होतो. गोरिला, माकड, आपण, सगळ्यांचं अंग गरम, लाल पेशी तशाच, लिव्हर तसंच. सरडा त्या नात्यात फार लांब पडतो. आणि पाल मारून डास कमी होत नाहीत, पाल तर उलट ट्यूबलाइटपाशी बसून किडेच खाते. मलेरियाची भीती असेल तर गच्चीवरच्या टाकीचं झाकण, कूलरमधलं पाणी, कुंडीखालची ताटली बघा, आणि थंडी वाजून ताप आला की पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

हे सगळं मी काकूंना रविवारी दुपारी त्यांच्याच घरी बसून सांगितलं, चहा दोनदा झाला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, भोपळ्याच्या बीसारखी पेशी कशी ते मी वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवलं तेही नीट बघितलं. मग विचारलं, "आणि त्या सरड्यांना औषध देतात का गं ते लोक?"

मी म्हटलं, नाही काकू, रक्त घेतात, मापं घेतात, आणि ज्या दगडावर पकडला होता तिथेच नेऊन सोडतात.

"आजारीच?"

"आजारीच."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून मीटरच्या पेटीमागचा झाडू काढला आणि आत नेऊन ठेवला.